पंच्याऐंशीचं पिंप

सान मार्तिनोचा सण त्या वर्षी नेमका रविवारी आला होता, आणि देल्फिना जेवायला येणार आहे हे इर्मानं घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

सकाळपासून ती लसूण सोलत बसली होती. माणशी एक गड्डा, हे रोवेल्लोंच्या घरातलं जुनं माप. लसूण दुधात मऊ शिजवायचा, मग मातीच्या भांड्यात तेल आणि खारवलेल्या मासळीबरोबर निखाऱ्यांवर विरघळू द्यायचा, आणि सगळ्यांनी त्या एकाच भांड्यात भाज्या बुडवून खायच्या. बान्या काउदा ज्या घरी शिजते त्या घराची बातमी वस्तीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

तिचा नवरा एवाझियो दारात येऊन उभा राहिला.

"सुटला का गं वास?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"आत्ताशी सुटतोय. आधी मासळीचा येतोय, लसणाचा मागून."

"आधी मासळी, मागून लसूण," त्यानं धडा पाठ करावा तसं म्हटलं आणि तो वळला. क्षणभरानं अंगणातून त्याचा मोठा आवाज आला, "पापा, आज मासळीनं लसणाला मागं टाकलं बघा!" त्यावर म्हातारा सेकोंदो खोकत खोकत हसला.

अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत एवाझियो अंगणातल्या बर्फावरून घसरून पाठीवर पडला होता. डोक्याला मागं खोक पडली, टाके घातले, आठवड्यात तो कामाला लागला. पण वास गेला तो गेलाच. कुनेओच्या डॉक्टरनं सांगितलं, नाकाची नस आतून तुटली आहे, परत जुळणार नाही. एखाद्या सुताराची करंगळी जावी तशा सहजपणे डॉक्टर ते बोलला होता. समोर बसलेला माणूस बारोलो वाइन बनवणाऱ्या घराण्यातला चौथ्या पिढीचा वारस आहे, हे त्याला कुठं ठाऊक असणार!

घरी येताना गाडीत एवाझियोनं तिला शपथ घातली होती. पापांना नाही सांगायचं. कुणालाच नाही. तेव्हापासून घरातलं नाक इर्माचं. दर आठवड्याला ती त्याच्याबरोबर तळघरात उतरायची, बुचं काढून हुंगायची. लोकांसमोर चाखायची वेळ आली तर त्यांची खूण ठरलेली होती. इर्मानं पेला दुसऱ्यांदा ओठाला लावला तर वाइन चांगली, खाली ठेवला तर बिघडलेली. मग एवाझियो पेल्यात नाक खुपसून मनात पाच आकडे मोजायचा आणि बापाची जुनी वाक्यं बोलायचा.

पण यंदा ऑगस्टमध्ये इर्माची आई मोंदोवीला घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. इर्मा तीन आठवडे तिकडे होती. ती परत आली आणि पंच्याऐंशी सालच्या वाइनच्या पिंपाचं बूच काढल्यावर तिच्या नाकाला काहीतरी टोचलं. होतंच असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं. तिचं नाक स्वयंपाकघरात शिकलेलं. दूध नासलं, लोणी खवट झालं एवढं तिला कळे. त्या पिंपात अडीच हजार लिटर वाइन होती, आणि आख्ख्या टेकडीनं पंच्याऐंशीसारखं पीक पुन्हा पाहिलं नव्हतं. गुरुवारी झुरिकचा व्यापारी ती चाखायला येणार होता.

म्हणून तिनं तुरीनला नणंदेला फोन केला होता. देल्फिना तिथं वर्मूथ या औषधी मद्याच्या कारखान्यात वनौषधी पारखायची. बावीस वर्षं ती नाकावर पोट भरत होती.

साडेअकराला गाडी आली. देल्फिना स्वयंपाकघरात शिरली तीच हातमोजे काढत.

"मला सगळं नीट सांग," ती म्हणाली. "फोनवर तू अर्धं रडत होतीस, अर्धं गिळत होतीस."

इर्मानं दार लोटून घेतलं आणि पाच मिनिटांत पावणेतीन वर्षं सांगून टाकली. देल्फिनानं एक खुर्ची ओढली आणि ती बसली.

"आणि पापांना माहीत नाही?"

"नाही. जेवणानंतर पापा झोपतील. एवाझियोला मी अंडी आणायला वरच्या वाडीवर पाठवते. तू गुपचूप तळघरात जा, पिंप हुंग, आणि मला सांग. फक्त मला. टेबलावर एक अक्षर बोलू नकोस, देल्फिना. तुला तुझ्या आईची शपथ आहे."

"या घरात सगळे एकमेकांना शपथाच घालत असतात," देल्फिना म्हणाली. "बरं. नाही बोलत."

तेवढ्यात एवाझियो आत आला आणि थबकला.

"अरे वा! तुरीनच्या बाईसाहेब! रस्ता चुकलात की गाडीचं पेट्रोल संपलं?"

"लसणाचा वास थेट तुरीनपर्यंत आला," देल्फिना म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिनं जीभ चावली.

एवाझियो हसला. जरा जास्तच हसला. मग म्हणाला, "चला, बरं झालं. सगळे आहोतच, तर पंच्याऐंशी आजच चाखू. लसणाला हात लावायच्या आधी. मी जग भरून आणतो."

"आज कशाला?" इर्मा पटकन म्हणाली. "गुरुवारी आहेच की."

"गुरुवारी परक्याबरोबर आहे. आज घरच्यांबरोबर." आणि तो जग घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरलासुद्धा.

*

समोरच्या थंड खोलीत चाखायचं, हा सेकोंदोचा नियम होता. तिथं चूल पोचत नाही, वास पोचत नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांनी त्याचं तळघर बंद केलं होतं. चार वर्षांत तो त्या एकवीस दगडी पायऱ्या उतरला नव्हता. पण टेबलाच्या टोकाची खुर्ची अजून त्याची होती आणि पहिला पेलाही त्याचाच.

मुलगी आली याचा त्याला आनंद झाला होता, आणि तो कसा दाखवायचा हे त्याला सुचत नव्हतं. "वाळलीस," एवढंच तो म्हणाला होता. "तुम्हीही," ती म्हणाली होती. त्यांच्यातलं बोलणं कित्येक वर्षं एवढ्यावरच थांबत आलं होतं.

एवाझियोनं चार पेले भरले. रंग सुरेख होता. विटेवर ऊन पडावं तसा, कडेला किंचित नारिंगी. सेकोंदोनं पेला उजेडाकडे धरला, फिरवला, नाकाशी नेला.

आणि त्याचा हात तिथंच राहिला.

खाली, अगदी खाली, गुलाबाच्या आणि डांबराच्या त्या ओळखीच्या वासाखाली व्हिनेगर होतं. किंचित नव्हे. पाय रोवून उभं असलेलं. याला बरं करता येत नाही. सेकोंदोनं हे आयुष्यात तीनदा पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा ते शेवटपर्यंत गेलं होतं.

त्यानं घोट घेतला. गिळला. मग मान वर केली ती शिव्या द्यायलाच. गाढवा, तीन महिन्यांपूर्वी कळायला हवं होतं, झोपला होतास काय, हे सगळं जिभेवर तयार होतं.

एवाझियोनं पेल्यात नाक खुपसलं होतं. त्याचे ओठ किंचित हलत होते. एक, दोन, तीन, चार, पाच. मग त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. इर्माचा चेहरा पांढराफटक. तिनं पेला उचलला आणि दुसऱ्यांदा ओठाला लावला. आणि एवाझियोच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं बापानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"अजून जरा मिटलेली आहे," एवाझियो म्हणाला. "पण आत सगळं आहे. काय, पापा?"

म्हातारा शेतकऱ्याच्या डोळ्यांनी माणसं वाचायचा. ज्याला बैल लंगडतोय हे चालण्याआधी कळतं, त्याला मोजणारे ओठ कळायला किती वेळ लागणार? पावणेतीन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी एकदम ओळीत येऊन उभ्या राहिल्या. अंगणातून ओरडून सांगितलेले वास. प्रत्येक वेळी तळघरात बरोबर जाणारी सून. परवा जळालेला रबराचा पट्टा, ज्याच्या शेजारी एवाझियो शीळ घालत उभा होता.

याला वासच येत नाही. माझ्या मुलाला वासच येत नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांचा तो माणूस त्याच्याकडे बघत होता, शाळेची पाटी दाखवायला आणलेल्या मुलासारखा.

"चांगली आहे," सेकोंदो म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं वाइनबद्दलचं हे पहिलं खोटं नव्हतं. पण पहिलं तो स्वतःसाठी बोलला होता.

*

देल्फिनानं शब्द दिला होता, आणि ती पेला खाली ठेवून गप्प बसली होती. पहिल्याच श्वासात तिला कळलं होतं. कारखान्यात असा नमुना आला असता तर तिनं चिठ्ठीवर एक फुली मारून तो पुढं सरकवला असता.

पण 'चांगली आहे' हे शब्द तिनं ऐकले आणि तिच्या कानशिलाशी ऊन रक्त चढलं.

"पापा, परत सांगा," ती म्हणाली.

"देल्फिना," इर्मा कुजबुजली.

"चांगली आहे म्हटलं," सेकोंदो टेबलाकडे बघत म्हणाला.

"तुम्ही? तुम्ही म्हणता ही चांगली आहे?" ती उभी राहिली. "त्रेसष्ट साल आठवतंय? मी सतरा वर्षांची होते. आल्बाचा दलाल याच खोलीत बसला होता, त्या खुर्चीवर. तुम्ही त्याला कोपऱ्यातल्या पिंपातली वाइन दिलीत. मी म्हटलं, पापा, हिला व्हिनेगरचा वास येतोय. तुम्ही काय केलंत?"

सेकोंदोनं पेला बाजूला सरकवला.

"थोबाडीत मारलीत. आणि त्या दलालाला हसत सांगितलंत, लक्ष देऊ नका, पोरीचे ते दिवस चालू आहेत. परक्या पुरुषासमोर! तो पण हसला. दुसऱ्या दिवसापासून तळघराची किल्ली तुमच्या खिशात. का, तर बाईच्या सावलीनं वाइन बिघडते. खरं बोलले म्हणून मला घराबाहेर काढलंत, आणि आज..." तिचा आवाज फाटला. "आज कुणासाठी खोटं बोलताय?"

"बाहेर कुणी काढलं नव्हतं," सेकोंदो म्हणाला. "तू गेलीस."

"हो, गेले! चांगल्या घरातलं मांजरसुद्धा दोनदा हाकलल्यावर जातं."

एवाझियो एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यानं बहिणीला काही विचारलं नाही. तो बायकोकडे वळला.

"तू दुसऱ्यांदा प्यायलीस," तो म्हणाला.

"एवाझियो..."

"दुसऱ्यांदा प्यायलीस, इर्मा. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू प्यायलीस."

"मला खात्री नव्हती! देवाशपथ खात्री नव्हती. म्हणून तर मी हिला बोलावलं..."

"तू बोलावलंस हिला?" तो आता मोठ्यानं हसला, ऐकवत नव्हतं ते हसणं. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बायको मला आंधळ्यासारखी रस्ता ओलांडून नेतेय, बहीण तुरीनहून तपासणीला येतेय, बाप मला लेकरासारखं थोपटतोय. आणि मी? मी वाक्य म्हणतोय! अजून जरा मिटलेली आहे!" त्यानं हातातला पेला टेबलावर ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल. "वास येत नाही मला, पापा. अठ्ठ्याऐंशीपासून येत नाही. शेणाचा येत नाही, बायकोच्या केसांचा येत नाही. झालं? आता आडपडदा कशाला!"

तो तळघराकडे गेला. दार आपटलं नाही. ते आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, असं देल्फिनाला वाटून गेलं.

इर्मा रडत होती. "शब्द दिला होतास मला," ती म्हणाली.

"हो," देल्फिना म्हणाली. "दिला होता." सत्तावीस वर्षं तिनं हा दिवस मनात घोळवला होता. खोली हीच असायची, बाप हाच, शब्दही जवळपास हेच. पण त्यात कुणी बायकोच्या केसांबद्दल बोलत नसे.

*

एवाझियो पंच्याऐंशीच्या पिंपासमोर उपड्या टोपलीवर बसला होता. पायऱ्यांवर पावलं वाजली तेव्हा त्यानं वळून पाहिलं नाही. इर्माची पावलं तो ओळखत होता. ही तिची नव्हती.

"सांग," तो म्हणाला. "नेमकं कसं बिघडलं असेल?"

देल्फिना भिंतीशी ठेवलेल्या काचेच्या बुधल्यांपाशी गेली. पिंपातली वाइन लाकूड पितं, हवा पिते, दर आठवड्याला थोडी घटते. ती भरून काढायला या बुधल्या. तिनं एकेक बूच काढून हुंगलं. चौथ्यापाशी थांबली.

"यातून भरलंस का?"

"ऑगस्टमध्ये. इर्मा नव्हती. दोनदा."

"हे व्हिनेगर आहे, एवाझियो. नुसतं सॅलडवर ओतावं असं."

त्यानं डोळे मिटले. "चाखलं होतं मी. जिभेला आंबट लागलं. पण आपल्या नेब्बिओलो द्राक्षाची वाइन तरुणपणी आंबटच असते ना. म्हटलं, असेल." मग तो म्हणाला, "थांबायला हवं होतं. तीन आठवड्यांचा तर प्रश्न होता. पण पिंप वर रिकामं होत होतं आणि मला वाटलं, एवढं तर मला यायला हवं. एवढंसुद्धा बायकोशिवाय जमत नसेल, तर मग मी कोण?"

देल्फिना त्याच्या शेजारी दुसऱ्या टोपलीवर बसली. लहानपणी दोघं इथंच लपायची. तेव्हा आई वरून हाका मारायची आणि हा तिचं तोंड दाबून धरायचा.

"मला लिहायला हवं होतं तुला," तो म्हणाला. "त्या थोबाडीच्या दिवशी मी पण खोलीत होतो. मलाही वास आला होता तेव्हा. चांगलं नाक होतं माझं."

"माहीत आहे मला. तू माझ्याकडे बघितलं होतंस."

"आणि गप्प बसलो."

"एकवीस वर्षांचा होतास. किल्ली तुला मिळणार होती."

"हो," तो म्हणाला. "त्यासाठीच." मग त्यानं विचारलं, "बाकीच्यांचं काय? शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद?"

ती उठली. एकेका पिंपाला काचेची नळी लावून तिनं थेंब थेंब काढलं. तो बघत राहिला. तिला घाई नव्हती. ती मान किंचित तिरकी करायची, थेट आईसारखी. शेवटचं एकोणनव्वदचं पिंप झाल्यावर ती वळली.

"ही तिन्ही सुदृढ आहेत."

"एकोणनव्वद कशी आहे? मी ती बनवली, पण मला ती माहीत नाही."

देल्फिना पुन्हा पेल्यावर वाकली. "सुरुवातीला काही नाही. मग सुकलेले गुलाब. आपल्या आजीच्या कपाटातला, चादरींमधला वास. मग ओली पानं, जंगलातली, पाऊस पडून गेल्यावर ऊन आलं की असतो तसा वास. आणि शेवटी..." ती थांबली. "चेरीची साल. थोडी कडू. एवाझियो, ही चांगली आहे. पापांच्या बऱ्याच वाइनींपेक्षा चांगली आहे."

त्यानं पेला तिच्याकडून घेतला, नाकाशी धरला आणि या वेळी काही मोजलं नाही.

"चेरीची साल," तो म्हणाला.

"तू परत येशील का?" त्यानं विचारलं. "पापा विचारणार नाहीत, म्हणून मी विचारतो."

"माझं घर तिकडे आहे. माझं काम, माझा नवरा. पंचविसाव्या वर्षी विचारलं असतंस तर धावत आले असते. अनवाणी."

वर जिन्यात काहीतरी सरपटल्यासारखं वाजलं. दोघांनी वर पाहिलं. सेकोंदो तिसऱ्या पायरीवर बसला होता, काठी बाजूला ठेवून, आणि बुडावर एकेक पायरी खाली सरकत येत होता. एवाझियो धावला.

"पापा! वेडे झालात काय? हाड मोडेल!"

"पिंप बघायचंय मला," म्हातारा म्हणाला. दोघांनी मिळून त्याला खाली आणलं. त्यानं पंच्याऐंशीच्या पिंपाच्या फळीवर तळहात ठेवला आणि आजारी जनावराच्या कुशीवर ठेवावा तसा तो तिथंच राहू दिला. "गुरुवारच्या माणसाला फोन कर," तो मुलाला म्हणाला. "सांग, पंच्याऐंशी नाही. आणि व्हिनेगरवाल्याला बोलाव, सगळी घेऊन जाऊ दे."

देल्फिनाकडे त्यानं बघितलं नाही. ती वाट बघत उभी होती, हे मात्र त्याला माहीत होतं.

*

व्हिनेगरवाल्याची टाकीची गाडी मंगळवारी सकाळी आली. देल्फिनानं कारखान्यातून दोन दिवसांची रजा मागून घेतली होती. एवाझियोनं पाइप तोटीला जोडला, पंपाचं बटण दाबलं, आणि पंच्याऐंशी साल अंगणातून वाहायला लागलं. पाइपाच्या सांध्यातून एक बारीक धार दगडांवर सांडत होती. शेजारचे दोघे कुंपणापाशी येऊन टोप्या काढून उभे राहिले.

इर्मा पंपाजवळ उभी होती. दोन दिवसांत नवरा तिच्याशी जेमतेम बोलला होता. रविवारी अंथरुणावर पडताना तो एवढंच म्हणाला होता, "पुढच्या वेळी खात्री नसेल तर पेला खाली ठेव." त्यात पुढची वेळ होती, एवढ्यावर ती दोन दिवस जगत होती.

सेकोंदोला त्यांनी खुर्ची बाहेर आणून दिली होती, गुडघ्यांवर घोंगडी. देल्फिना टाकीच्या पलीकडे उभी राहून पाइप धरत होती. पंपाचा आवाज इतका होता की ड्रायव्हर खुणांनीच बोलत होता.

म्हाताऱ्याचे ओठ हलले. इर्मा त्याच्यापासून दोन पावलांवर होती, म्हणून तिला ऐकू आलं.

"त्रेसष्टचं पिंप बिघडलेलंच होतं," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तू बोलायच्या आधीपासून."

देल्फिनानं मान वर केली. तिनं त्याचे ओठ पाहिले होते. "काय म्हणालात?" ती ओरडली.

सेकोंदोनं तिच्याकडे पाहिलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती होती. त्यानं हात झटकला. "काही नाही! गारठा आहे म्हटलं. अंगात काहीतरी घाल."

देल्फिनानं मान हलवली आणि ती पुन्हा पाइपाकडे वळली.

इर्माला वाटलं, आपण ऐकलंच नाही असं समजावं. हे बापलेकीचं आहे. आपण सून. ती या घरात गप्प राहून तर इथवर आली होती. मग तिनं दगडांवर सांडणारी ती तांबडी धार पाहिली, वाकली, आणि पंपाचं बटण बंद केलं.

अंगण एकदम शांत झालं. एवाझियो वळला. "काय झालं? का बंद केलंस?"

"पापांना काहीतरी बोलायचंय," इर्मा म्हणाली. "पापा, परत बोला. तिला ऐकू गेलं नाही."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती घरात पळाली असती. ड्रायव्हर सिगारेट हातात धरून उभा होता. कुंपणापाशी शेजारी होते. त्रेसष्टमध्ये एकच परका माणूस होता. आज तीन होते.

"त्या दिवशी तुझं बरोबर होतं," सेकोंदो म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. "पिंप बिघडलेलं होतं. मला माहीत होतं. मी दलालाला फसवत होतो आणि तू मला पकडलंस. म्हणून मारलं. तुझं बरोबर होतं, देल्फिना. आणि नाक या घरात तुलाच होतं, हेही मला माहीत होतं."

देल्फिना पाइप धरून उभी होती. तिच्या बाहीवर वाइन ओघळत होती.

"मला पण माहीत होतं, पापा," ती म्हणाली. "मी बरोबर होते हे मला सांगायला तुम्ही नकोच होतात." तिनं बाही पुसली. "तुम्हाला माहीत आहे की नाही, तेवढंच मला माहीत नव्हतं."

ती त्याच्याजवळ गेली नाही. त्यानंही हात पुढं केला नाही. थोड्या वेळानं एवाझियोनं पुढं होऊन पंप पुन्हा सुरू केला.

पिंप रिकामं व्हायला सव्वा तास लागला. गाडी निघाली तेव्हा ड्रायव्हरनं कागद पुढं केला आणि विचारलं, तळघर कोण सांभाळतं, सही त्याची लागेल. सेकोंदोनं मुलीकडे बोट केलं.

"नाही," देल्फिना म्हणाली. "सही एवाझियो करेल. वाइन त्याची आहे." आणि भावाकडे वळून म्हणाली, "मी शनिवारी येत जाईन. हुंगायला तेवढी. दर शनिवारी, सकाळी."

ती आली. एवाझियो आणि इर्मा म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून तळघरात न्यायचे. देल्फिना पिंपांपाशी जायची, काचेच्या नळीनं वाइन काढून पेला बापाच्या हातात द्यायची. तो तिच्याकडे परत धरायचा. "आधी तू," म्हणायचा. ती हुंगून सांगायची, एवाझियो तिचे शब्द वहीत लिहून घ्यायचा, आणि मग म्हातारा चाखायचा. पटलं नाही तर वाद घालायचा. दोघं तासन्‌तास भांडायची.

असे शनिवार सेकोंदोला नऊ मिळाले.